पुठ्ठ्याची फळी विट्यातच बनू द्या

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी व सर्व नगरसेवक,
विटा नगरपरिषद, विटा,
ता. खानापूर, जि. सांगली

विषय : शहरातल्या टाकाऊ पुठ्ठ्यापासून बांधकामाचे बोर्ड बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेण्याबाबत.



२० नोव्हेंबर २०२१ रोजी दिल्लीत राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या उपस्थितीत स्वच्छ सर्वेक्षणाचे पुरस्कार दिले गेले, तेव्हा एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिलं नाव आपल्या विट्याचं होतं. २०११ च्या जनगणनेत अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या, दुष्काळी पट्ट्यातल्या या गावाने लोणावळ्यासारख्या नावाजलेल्या शहराला मागे टाकलं. त्या यशामागे पहाटे घंटागाडी घेऊन निघणारे सफाई कर्मचारी होते, ओला-सुका वेगळा करून देणाऱ्या गृहिणी होत्या आणि तुमचं कार्यालय होतं. त्या अभिमानापोटीच हे पत्र लिहितो आहे.

माझं आयुष्य इमारतींच्या कामात गेलं. पाया, भिंत, स्लॅब, पत्रा, प्लायवूड, फॉल्स सीलिंग यांतच दिवस उगवतो आणि मावळतो. त्यामुळे गावात रोज गोळा होणाऱ्या सुक्या कचऱ्याकडेही मी माल म्हणून पाहतो. या मालात सगळ्यात जास्त जागा अडवणारी आणि सगळ्यात कमी किंमत मिळणारी वस्तू म्हणजे पुठ्ठा. माझं म्हणणं एका वाक्यात असं : विट्यात वेगळा होणारा पुठ्ठा गाठी बांधून बाहेरगावी पाठवण्याऐवजी त्याचा काही भाग इथेच दाबून त्याच्या फळ्या कराव्यात, आणि त्या फळ्यांचं पहिलं गिऱ्हाईक नगरपरिषदेनेच व्हावं.

विट्यात पुठ्ठा येतो कुठून, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. किराणा, कापड, औषधं आणि मोबाइलची दुकानं रोज खोकी फोडतात. ऑनलाइन खरेदीची पार्सलं आता वाड्यावस्त्यांपर्यंत पोचतात. गावातल्या यंत्रमागांवर येणारं सूत कागदी कोनांवर गुंडाळलेलं असतं; सूत संपलं की कोन उरतो. गुहागर-विजापूर रस्त्यावरचं हे गाव, त्यामुळे मालाची ये-जा भरपूर. शेजारी तासगावचा बेदाणा आणि आटपाडीचं डाळिंब पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनच देशभर जातं. त्या खोक्यांची छाटणही याच परिसरात पडते.

आणि या सगळ्याच्या जोडीला आपली पोल्ट्री. अंड्यांचा ट्रे हातात घेऊन एकदा नीट पाहा. रद्दी आणि पुठ्ठा पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात, जाळीच्या साच्यावर तो ओढून घेतात, पाणी निथळतं, ट्रे वाळतो. त्यात कुठलाही डिंक नसतो. तरीही सहा बाय पाच अशी तीस अंडी तो अलगद धरतो आणि भरलेले ट्रे एकावर एक रचले तरी खालचा बसत नाही. हे बळ त्याच्या खोलगट वाट्यांच्या आकारातून आलेलं आहे. तोच लगदा सपाट पसरून वाळवला असता तर बोटाने मुडपला असता. पुठ्ठ्यापासून मजबूत फळी कशी होते, याचं निम्मं उत्तर आपल्या पोल्ट्रीवाल्यांच्या शेडमध्ये रोज पडून असतं.

उरलेलं निम्मं उत्तर दाबात आणि वाळवण्यात आहे. पुठ्ठा मुळात लाकडाचा लांब धागा. सेल्युलोजचे धागे ओले असताना एकमेकांवर सरकतात. पाणी निघून जाताना ते इतके जवळ येतात की त्यांच्या पृष्ठभागांमध्ये हायड्रोजनचे बंध तयार होतात. कागद कागद म्हणून टिकतो तो याच बंधांवर. जितका दाब जास्त आणि पाणी जितकं पूर्ण निघेल, तितके धागे जवळ, तितकी फळी दाट आणि टणक. हे घरी करून पाहता येतं. एखादं खोकं रात्रभर बादलीत बुडवा. सकाळी त्याच्या नालीदार थराला चिकटवणारी स्टार्चची खळ सुटलेली असते आणि तिन्ही थर हाताने अलग होतात. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, तुकडे पाण्यासकट मिक्सरमधून काढा, लगदा बारीक जाळीवर ओता आणि फडक्याने पिळा. मग तो दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून सुताराच्या शिकंज्यात आवळा. कडेने पाण्याची धार लागते ती थांबेपर्यंत आवळत राहा. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर वाळलेला हा तुकडा बोटाच्या पेराने ठोकला की लाकडासारखा आवाज देतो, आणि त्यात स्क्रू पिळला तर तो धरून बसतो. त्याच तुकड्याची कड पाण्यात उभी केली की थोड्याच वेळात ती फुगू लागते. या मालाचा गुण आणि दोष दोन्ही त्या एका तुकड्यात दिसतात.

ही कल्पना नवी नाही, आणि म्हणूनच मी ती तुमच्यापुढे ठेवायचं धाडस करतो. अमेरिकेत न्यू जर्सीमधली होमासोट ही कंपनी १९०९ पासून रद्दी कागदाचे बोर्ड बनवत आली आहे. भिंतींतून आणि जमिनीतून जाणारा आवाज अडवायला ते आजही वापरले जातात. १९२४ मध्ये मिसिसिपी राज्यात विल्यम मेसन याने लाकडाच्या ढलप्यांचे धागे वाफेने मोकळे करून, वेगळा डिंक न घालता, उष्णता आणि दाबावर कडक बोर्ड बनवला. आपल्या मुलांच्या परीक्षेच्या पॅडची मागची बाजू आठवा. एक बाजू गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला जाळीची नक्षी. दाबताना पाणी बाहेर पडावं म्हणून खाली तारेची जाळी ठेवलेली असते, तिचा तो ठसा. मी सांगतो आहे ती वस्तू विट्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाने हाताळलेली आहे.

अमेरिकेच्या वन विभागाची मॅडिसन इथे वन-उत्पादनांची प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी १९८० च्या दशकात याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी लगदा सपाट न दाबता रबरी ठोकळ्यांच्या जाळीवर ओतून दाबला. दाब पडला की रबराचे ठोकळे आडवे फुगतात आणि मधल्या फटींतला लगदा बाजूंनीही आवळला जातो. त्यामुळे पातळ पत्र्याखाली दाट, उभ्या बरगड्यांची जाळी तयार होते. असे दोन तुकडे बरगड्यांकडून एकमेकांना चिकटवले की आतून पोकळ, वरून सपाट आणि वजनाला हलकं पॅनेल मिळतं. यामागचा हिशेब कुठल्याही इंजिनिअरला ठाऊक असतो : भरीव फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. वाकताना बहुतेक ताण वरच्या आणि खालच्या थरावर येतो, मधला भाग मुख्यतः त्या दोघांना अंतरावर धरून ठेवतो. मग मध्ये भरीव माल कशाला वाया घालवायचा? पुढे कॅलिफोर्नियातल्या ग्रिडकोर आणि इकोर या नावांच्या उद्योगांनी याच वाटेने जुन्या पुठ्ठ्याची पॅनेल बाजारात आणली. प्रदर्शनांचे स्टॉल, नाटकांचे सेट आणि फर्निचर यांसाठी ती वापरली गेली. घरबांधणीच्या मुख्य बाजारात त्यांना तसा शिरकाव मिळाला नाही. हा अनुभव आपल्याही कामाचा आहे. सुरुवात घरापासून करायची नसते, आतल्या सामानापासून करायची असते.

जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी तर पुठ्ठ्याच्या नळ्यांवर इमारती उभ्या केल्या. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी उभारलेलं कागदी चर्च दहा वर्षं वापरात राहिलं, मग ते सोडवून तैवानला नेलं आणि तिथे पुन्हा उभं केलं. २००१ च्या भुज भूकंपानंतर त्यांनी गुजरातमध्ये पडक्या घरांच्या राडारोड्यावर पुठ्ठ्याच्या नळ्यांची निवाऱ्याची घरं बांधली. २०१४ मध्ये त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. त्यांच्या इमारती नळ्यांच्या आहेत आणि आपला विषय फळीचा. पण योग्य आकार दिला आणि पाण्यापासून जपलं तर कागदाचा धागा भार पेलतो, याचा तो उघड्या मैदानातला पुरावा आहे.

महाराष्ट्रातही या वाटेवर पावलं पडलेली आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात वेळापूरजवळ इकोबोर्ड कंपनीने उसाच्या बगॅसपासून पार्टिकल बोर्ड काढले. पालघरमध्ये दुधा-ज्यूसच्या टेट्रा पॅक खोक्यांचा चुरा करून तो उष्णतेने दाबून पत्रे बनवले जातात. त्या खोक्यात सुमारे तीन चतुर्थांश कागद असतो आणि बाकीचं प्लास्टिक व थोडं अ‍ॅल्युमिनियम. वितळलेलं प्लास्टिकच तिथे डिंकाचं काम करतं. मुंबईत नागरिकांनी अशी रिकामी खोकी जमा केली आणि त्या पत्र्यांचे बाक शाळांना मिळाले. त्याही आधीचं सांगायचं तर पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून होजिअरीच्या सुती चिंध्यांचा कागद बनवते आहे, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर कित्येक शतकं चिंध्या कुटून कागद केला गेला. जुन्या धाग्याला पाण्यात सोडवून नवं रूप द्यायची विद्या या मातीत मुरलेली आहे.

आता तुमच्या मनात येणाऱ्या आक्षेपांकडे वळतो. पहिला असा की पुठ्ठा तर भंगारवाला घेतोच, मग वेगळं काय करायचं? खरं आहे, आणि भंगार गोळा करणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल असं काहीही करू नये, हे मी सर्वांत आधी सांगतो. कोरडा, स्वच्छ पुठ्ठा आज कागद गिरणीपर्यंत पोचतो. पण खोकं वजनाला हलकं आणि आकाराला मोठं. त्याची वाहतूक महाग पडते, आणि गिरणीचा भाव पडला की इथल्या वेचणाऱ्या बाईचा भाव त्याच दिवशी पडतो. गावातच एक खरेदीदार उभा राहिला तर तिच्या मालाला आधार मिळेल. शिवाय कागदाचा धागा कागद म्हणून साधारण पाच-सात वेळा फिरतो. प्रत्येक फेरीत तो आखूड आणि कडक होत जातो. खोक्याचं खोकं होऊन ते महिनाभरात पुन्हा कचऱ्यात येतं. त्याची फळी केली तर तोच धागा कित्येक वर्षं भिंतीवर किंवा छताखाली कामाला लागतो. आपला देश बाहेरून दरवर्षी लाखो टन रद्दी विकत आणतो, हे लक्षात घेतलं तर घरचा धागा जपून वापरणं किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि दुष्काळी तालुक्यात तो सगळ्यात रास्त आहे. लगदा करायला भरपूर पाणी लागतं. पण ते पाणी फळीत राहत नाही, दाबताना बाहेर येतं. ते हौदात घेऊन, गाळून, पुन्हा लगद्याच्या टाकीत फिरवायचं. रोज भरायचं ते फक्त वाळताना उडून गेलेलं पाणी. प्रकल्पाच्या आराखड्यात बंद चक्राची ही अट पहिल्याच ओळीत असली पाहिजे. आणि ही भर पिण्याच्या पाण्यातून घालायची नाही, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून घालायची.

तिसरा आक्षेप विजेचा. एक लिटर पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते. एक किलो धाग्यामागे दीड लिटर पाणी उरलं असेल तर जवळपास एक युनिट वाळवण्यातच जातं. म्हणून पाणी आधी दाबाने काढायचं आणि उरलेलं तेवढं उष्णतेवर सोडायचं; पिळून काढलेलं पाणी वाफ करून काढलेल्या पाण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. इथे आपली कोरडी हवा आपल्या बाजूने आहे. पावसाळ्याचे महिने सोडले तर खानापूरच्या माळावरचं ऊन आणि वारा फुकटात वाळवून देतात. आकार पक्का करण्यासाठी शेवटची दाब-उष्णता यंत्रावर, आणि त्याआधीचं वाळवण उन्हात, अशी विभागणी करता येईल.

चौथा आक्षेप आग, वाळवी आणि ओल यांचा. बांधकामवाला म्हणून मी याच मुद्द्यावर सर्वांत जास्त अडून बसेन. ही फळी बाहेरच्या भिंतीला, बाथरूमला, स्वयंपाकघराच्या ओट्याखाली किंवा भार पेलणाऱ्या जागी वापरायची नाही. तिची जागा आतली : फॉल्स सीलिंग, दोन खोल्यांमधलं पार्टिशन, सूचना फलक, कपाटाची पाठ, बाकाचा वरचा भाग. पाण्याला विरोध यावा म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालण्याची रीत कागद उद्योगात जुनी आहे. मेणाचं इमल्शनही चालतं. आग आणि वाळवी या दोन्हींसाठी जो पदार्थ जगभर कागदी धाग्यात मिसळतात, तो विट्याच्या घराघरात ओळखीचा आहे. तो म्हणजे टाकणखार. रद्दी कागदाच्या उष्णतारोधक भरावात टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिड मिसळलं जातं; आच लागली की धागा भडकण्याऐवजी काळा पडून कोळशासारखा होतो आणि ज्योत पसरायला वेळ लागतो. आपल्या तालुक्यातली गलाईवाली मंडळी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सोनं-चांदी वितळवताना हाच टाकणखार मुशीत टाकतात. सराफाच्या दुकानातल्या धुळीतूनही सोनं वेगळं काढणारे हात ज्या गावचे, त्या गावाला टाकाऊ वस्तूतली किंमत ओळखायला शिकवावं लागत नाही.

टाकणखार घातला म्हणजे काम झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. फळी तपासल्याशिवाय एकाही शाळेत लावू नये. भारतीय मानक ब्युरोची मानकं यासाठी तयार आहेत : लाकडी आणि वनस्पतिजन्य धाग्यांच्या बोर्डांच्या चाचण्यांच्या पद्धती आयएस २३८० मध्ये दिल्या आहेत, हार्डबोर्डसाठी आयएस १६५८ आहे आणि उष्णतारोधक मऊ बोर्डासाठी आयएस ३३४८. वाकवून मोडण्याची ताकद, पाण्यात ठेवल्यावर किती फुगते, स्क्रू किती ओढ सहन करतो, या तीन चाचण्या आधी व्हाव्यात. आगीची चाचणी त्यांच्या बरोबरीने. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून या जिल्ह्यात उभं आहे. त्यांच्या प्रयोगशाळेशी करार करणं नगरपरिषदेला सहज शक्य आहे. पुढच्या पायरीवर रुरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था आणि लगद्याच्या प्रश्नांसाठी सहारनपूरची केंद्रीय लगदा व कागद संशोधन संस्था आहेच.

एक फायदा मात्र आत्ताच सांगण्यासारखा आहे. बाजारातल्या प्लायवूड आणि एमडीएफमध्ये बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि त्याचा वायू बंद खोलीत हळूहळू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. धाग्यांच्या स्वतःच्या बंधांवर उभी राहणारी फळी या डिंकाशिवाय होते. अंगणवाडीत दिवसभर बसणाऱ्या लेकरांसाठी ही गोष्ट लहान नाही.

मालाचा साधा हिशेब करू. आठ बाय चार फुटांची, १२ मिलिमीटर जाडीची फळी धरली आणि तिची घनता एका घनमीटरला ७०० किलो मानली, तर एक फळी सुमारे २५ किलोची होते. म्हणजे एक टन कोरड्या लगद्यातून, छाटण आणि घट धरून, साधारण ३५ ते ४० फळ्या. तीच जाडी ठेवून मऊ बोर्ड केला, घनमीटरला ३०० किलोचा, तर एका फळीला ११ किलोही माल लागत नाही. पत्र्याच्या छताखाली लावायला हाच मऊ बोर्ड बरा, कारण त्यात अडकलेली हवा उष्णता अडवते. विट्यात पत्र्याखाली चालणाऱ्या शाळा, अंगणवाड्या आणि यंत्रमागाच्या शेड किती आहेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्यांत बसणं काय असतं, हे तुम्ही जाणता.

यंत्रमागाचं आणखी एक दुखणं म्हणजे आवाज. माग सुरू असताना शेजारच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा मानली जाते. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज तिच्या वर जातो आणि कामगारांचे कान वर्षागणिक अधू होत जातात. कडक भिंती आणि पत्रा आवाज परत फेकतात. मऊ, सच्छिद्र बोर्ड तो काही अंशी गिळतो. मात्र मागाच्या शेडमध्ये सुताची तूस हवेत तरंगत असते आणि आगीला एका ठिणगीचं निमित्त पुरतं. म्हणून आगीची चाचणी पूर्ण उत्तीर्ण होईपर्यंत हा बोर्ड तिथे नेऊ नये. पण या प्रकल्पाचं दूरचं उद्दिष्ट विचाराल तर मी हेच सांगेन : विट्याच्या मागाचा कोन आणि विट्याच्या दुकानाचं खोकं यांची फळी विट्याच्या मागवाल्याचे कान वाचवायला उपयोगी पडावी.

हे सगळं एका दिवसात उभं राहणार नाही, आणि मोठं कर्ज काढून मोठा कारखाना उभारा असंही मी सुचवत नाही. माझ्या मागण्या मोजक्या आहेत आणि प्रत्येकीची सुरुवात तुमच्या आजच्या अधिकारात होऊ शकते.

पहिली, पुठ्ठ्याचं वजन करा. संकलन केंद्रावर महिनाभर पुठ्ठा, कागदी कोन आणि अंड्यांचे फुटके ट्रे वेगळे ठेवून रोज वजन नोंदवा आणि ते आकडे जाहीर करा. माल किती, कोणत्या दिवशी किती, ओला किती, हे कळल्याशिवाय यंत्राचा आकार ठरवणं म्हणजे अंदाजाने पाया खोदणं.

दुसरी, पुठ्ठा कोरडा राहील अशी जागा करा. गाडीत ओल्या कचऱ्याचं पाणी लागलेलं खोकं कुजतं, त्याला वास येतो आणि त्याचा धागा कमजोर होतो. व्यापारपेठेसाठी आठवड्याचे दोन दिवस फक्त पुठ्ठ्याची गाडी फिरवली आणि उतरवायला एक पत्र्याचं छप्पर दिलं तरी मालाची प्रत सुधारेल. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची आणि सुका माल वेगळा काढण्याच्या केंद्राची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. त्याच चौकटीत हे बसतं.

तिसरी, छोटं प्रायोगिक युनिट उभारा. लगद्याची टाकी, जाळीचा साचा, एक हायड्रॉलिक प्रेस आणि वाळवणाचे मांडव, एवढ्यावर सुरुवात होते. यंत्रमागाच्या मंदीत रिकामी पडलेली एखादी शेड भाड्याने घेता येईल किंवा कार्वे औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजकांना सोबत घेता येईल. चालवायला महिला बचत गट आणि कचरा वेचणाऱ्या भगिनी यांना प्राधान्य द्या, आणि पुठ्ठा त्यांच्याकडून व गावातल्या भंगार व्यावसायिकांकडून ठरलेल्या दराने विकत घ्या. लगदा कसा वागतो हे अंड्यांचे ट्रे बनवणाऱ्या कारागिरांना माहीत असतं. त्यांना सल्लागार म्हणून मान आणि मानधन दोन्ही द्या.

चौथी, पहिला ग्राहक तुम्ही व्हा. नव्या मालाला बाजारात कोणी हात लावत नाही, आणि म्हणूनच चांगल्या वस्तूही पहिल्याच वर्षी बंद पडतात. नगरपरिषदेच्या शाळांचे सूचना फलक, वाचनालयातली पार्टिशन, कार्यालयाचं फॉल्स सीलिंग एवढी कामं तुमच्याकडे दरवर्षी निघतात. चाचणीत उतरलेली फळी त्यातल्या ठरावीक वाट्यासाठी घ्यायची, असा ठराव करा. वर्षभर ती भिंतीवर टिकली की गावातले सुतार आणि कंत्राटदार आपोआप विचारायला येतील. त्यांत मीही असेन.

पाचवी, जे घडेल ते लोकांपुढे मांडा. फळी फुगली, वाकली किंवा तिला बुरशी आली, तरी ते लपवू नका. प्रत्येक चाचणीचा निकाल नगरपरिषदेच्या फलकावर लागू द्या. सासवड, लोणावळा, कराड, पाचगणी ही आपल्यासारखीच स्वच्छतेत नाव कमावलेली गावं आहेत. त्यांना आपला अनुभव उपयोगी पडेल आणि त्यांचा आपल्याला.

स्वच्छतेत पहिला नंबर येणं म्हणजे कचरा नजरेआड होणं, एवढाच अर्थ विट्याने कधी लावला नाही. इथल्या नागरिकांनी वर्गीकरणाची सवय अंगी बाणवली, हीच आपली खरी कमाई. ज्या गावात पुठ्ठा घराच्या दारातच वेगळा होतो, त्या गावात फळीचा प्रकल्प सगळ्यात अवघड पायरी ओलांडूनच सुरू होतो. बरीच गावं अजून त्या पायरीशी झगडत आहेत. ही आघाडी फार काळ आपली राहणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे की येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पटलावर घ्यावा आणि निदान पहिल्या मागणीला, म्हणजे महिनाभराच्या वजन-नोंदीला, त्याच सभेत मंजुरी द्यावी. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. वजनकाटा आणि नोंदवही पुरते. आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक विटेकराला सांगणं आहे : आजपासून घरातलं खोकं ओल्या कचऱ्याला लागू देऊ नका. चिकटपट्टी काढा, घडी घाला आणि कोरडंच गाडीत द्या. नगरपरिषदेचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल, आपलं काम उद्या सकाळच्या घंटागाडीपासून सुरू होऊ शकतं.

आपला विश्वासू,
इमारतींच्या कामात रमलेला एक विटेकर